वाटी परत

वडगावात मागांचा खडखडाट बोलण्याच्या आधी सुरू होतो
आणि बोलणं संपलं तरी चालूच राहतो.
म्हणून इथल्या बायका ओरडून जे सांगतात
ते गुपित नसतं.
गुपित नुसतं ओठांवर येतं, आवाजाशिवाय,
आणि समोरच्या मागावरची तेवढी ते वाचून घेते.

हे मी आधी बघायला हवं होतं.

तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या ऑफिसात, एसीखाली,
आम्ही आठ महिने आरोग्याची वही बांधत होतो.
खोकला, रक्तदाब, गोळ्या, पाळी.
शेवटी एक निळं बटण: 'मी सर्व अटींशी सहमत आहे.'
अटी सतरा पानं. मराठी मीच केलेलं,
तुकड्यातुकड्यानं,
सलग मीही कधी वाचलं नाही.

यल्लूबाई हंड्यांनी फोन लांब धरला,
चष्म्याच्या वरून बघितलं.
"सर्व म्हंजे कुणाकुणाला गे?"
डॉक्टरला. दवाखान्याला. संशोधनाला.
"आणि मालकाला?"
मी अडखळले. अट अकरावी, 'भागीदार संस्था'.
"खोकला डॉक्टरला सांग, चालतंय.
मालकाला कळला तर
सोमवारी माझ्या मागावर दुसरीच उभी."

गंगव्वा मातृभाषेच्या रकान्यात अडकली.
दोन गोल, निवड एकच.
"सूत मागताना मराठी," ती म्हणाली,
"यल्लम्माकडं मागताना कन्नड,
नवऱ्याशी भांडताना तोंडात आधी येईल ती.
ह्यातली खोटी कुठली म्हणू?"
हसलं कुणी नाही.
ह्या एका रकान्यापायी आमच्याकडं
दुकानांच्या पाट्या रात्रीत रंग बदलतात.

अमीना मुल्लानं पाळीच्या ओळीवर तळवा ठेवला.
"हाच फोन पोरगा घेतो रात्री."
एवढंच बोलली. तळवा काढला नाही.

मी समजावलं: माहिती सुरक्षित असते,
कुलूपबंद असते, परदेशातल्या मोठ्या यंत्रात.
यल्लूबाई वातीसारखं सूत वळत म्हणाली,
"शेजारीण वाटीभर साखर नेती.
विचारून नेती, कशाला ते सांगती,
आणि वाटी परत आणती.
तुझं यंत्र वाटी कवा आणतंय?"

त्या रात्री मी आधी गोल काढले, चौकोन ठेवले.
चौकोनात दोन खुणा बसतात, तीनही,
आणि एकही नाही केली तरी पान पुढं सरकतं.
'आवश्यक'ची लाल चांदणी
एकेका ओळीवरून खुडून टाकली.
निळं बटण फोडलं:
डॉक्टरला होय, मालकाला नाही,
संशोधनाला नाव झाकून, सहा महिन्यांपुरतं.
मुदत सरली की विचारायचं,
उत्तर नाही आलं तर घेतलेलं पुसून टाकायचं.
पाळीच्या ओळीला वेगळा आकडा, अमीनाच्या मनातला,
आणि तिचं पान बाहेरून दिसतं
कापडाच्या हिशोबासारखं.

किणेकर सरांनी सगळं शांतपणे बघितलं.
"एवढं विचारत बसलीस तर उरणार काय आपल्या हातात?"
"बायका उरतील," मी म्हटलं.
फार शूर उत्तर नव्हतं ते. पगार व्हायचा होता.
चौकोन राहिले. अमीनाचं पान राहिलं.
सहा महिन्यांचे त्यांनी दोन वर्षं केले,
अकरावी अट वकिलाकडं गेली
आणि अजून तिथंच बसून आहे.

परवा परत वडगावात गेले, अर्धं काम घेऊन.
वाटीचं काय झालं ते सांगायला तोंड होईना.
यल्लूबाई मागावर. मला बघून थांबली नाही.
धोटा इकडून तिकडं जात होता
आणि तिकडून इकडं येत होता.
नुसता जाणारा धोटा
कापड विणू शकत नाही,
एवढं तर मलाही दिसत होतं.

तिनं ओठ हलवले.
आवाज मागांत बुडाला.
मी ते वाचलं, आणि
इथं लिहीत नाही.